उघड्या तारांचा ट्रे

धाकटीने भिंगाखालचा दिवा लावला, ट्रेवरचं झाकण उचललं आणि कोपऱ्यातल्या खाचेतला नग चिमट्याने बाहेर काढला. डोळा भिंगाला लावायच्या आधीच तिला कळलं होतं. काल तिने भिंगाखाली तपासलं तेव्हा वायरच्या टोकाशी बारीक तारा दाढीच्या ब्रशासारख्या सुट्या, सरळ, एकमेकींपासून फटकून उभ्या होत्या. आता त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. कुणीतरी त्यांना पीळ दिला होता, तोही मन लावून, टोकाला सुईसारखा निमुळता.

तिने शेजारचा नग काढला. तोही तसाच. त्याच्या पलीकडचे दोन मात्र अगदी धड होते. याचाच तिला जास्त राग आला. सगळेच बिघडले असते तर ट्रे पडला असेल, कुणी धक्का दिला असेल, असं म्हणता आलं असतं. मोजकेच बिघडवले होते, म्हणजे करणाऱ्याला अक्कल होती.

तिने आरडाओरडा केला नाही. चाचणीखोलीच्या काचेतून तिने खालच्या मजल्यावर पाहिलं. भावोजी प्रेससमोर उभे होते. पितळी पट्टी आत जात होती, धाडधाड आवाज होत होता आणि पलीकडच्या टोपलीत पिना पडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, हात हलवला. हा माणूस हात हलवतो तरी कशाला, असं तिच्या मनात आलं.

कारखाना दोघी बहिणींचा. बाबांनी उभा केला, बाबांच्या मागे ताई मालाचं बघू लागली, ताईच्या नवऱ्याने प्रेस हातात घेतली आणि धाकटी नव्या वस्तूंच्या मागे लागली. कामगारही तिला धाकट्या बाई म्हणत. केस पिकायला लागले तरी ती धाकटीच राहिली होती. इतकी वर्षं कारखान्यातून एकच गोष्ट बाहेर पडत होती: वायरच्या टोकावर दाबून बसवायची पितळी पिन. एका वायरची पिन दुसऱ्या वायरच्या घरात शिरते आणि वीज पुढे जाते. या व्यवस्थेबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार धाकटीची होती. पिन दाबताना चुकली की वायर सैल राहते, सैल राहिली की तापते, तापली की जळते. मग ही मधली पिन हवीच कशाला? वायरच्या पोटात बारीक तारा असतातच. त्याच सरळ करून, मोकळ्या पसरून, दोन वायरींची टोकं दोन ब्रशांसारखी एकमेकांत घुसवली, तर तारेला तार भिडेल, एका जागी नाही, शंभर जागी. पिनेची गरजच संपली. अट एकच होती. तारा सुट्या हव्यात. जरा पीळ पडला की दोन ब्रश एकमेकांत शिरत नाहीत, नुसते डोकं आपटून थांबतात.

पिनेची गरज संपली, हे वाक्य तिने पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर म्हटलं होतं. भावोजींनी घास खाली ठेवला होता आणि ते पाणी प्यायले होते.

शेवटी ताईनेच मधला मार्ग काढला. रुग्णालयाच्या खाटा बनवणारी एक कंपनी नवा कनेक्टर शोधत होती. खाट वर-खाली करणाऱ्या मोटारीच्या वायरी त्यांना सारख्या बदलाव्या लागत. त्यांची इंजिनिअर येऊन बघून जाईल. हो म्हणाली तर कारखाना धाकटीच्या मागे जाईल. नाही म्हणाली तर चाचणीखोलीची भिंत पाडून तिथे दुसरी प्रेस बसेल आणि धाकटीने हा विषय पुन्हा काढायचा नाही. धाकटी ताठ मानेने हो म्हणाली होती. आता इंजिनिअर बाई यायला थोडेच दिवस उरले होते आणि ट्रेमधले नग एकेक करून पिळले जात होते.

संशय यायला वेळ लागला नाही. एकदा आल्यावर तो सगळीकडे दिसू लागला. भावोजी पूर्वी जिना चढताना शीळ घालायचे. हल्ली घालत नव्हते. पूर्वी मापाची हत्यारं मागायला कुणाला तरी पाठवायचे, हल्ली स्वतः येत, ट्रेकडे बघत आणि "जमतंय का?" असं विचारत. त्या दोन शब्दांत तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्याचा आवाज ऐकू यायचा. एकदा तर ते म्हणाले की काम फार नाजूक आहे, जपून कर. जपून कर म्हणजे काय, असं तिने विचारलं, तर म्हणाले, सहज. भावोजी सहज काही बोलणाऱ्यांतले नव्हते, हे ती लग्नाच्या बैठकीपासून ओळखून होती.

मग तिने सापळा लावला. नवे नग तयार केले, वायरी सोलल्या, तारांचा मूळचा पीळ उलटा फिरवून काढला, बारीक फणीने विंचरून टोकं कापली. दोन ट्रे भरले. एक सगळ्यांना दिसेल असा चाचणीखोलीतल्या टेबलावर ठेवला आणि ठरवलं की त्याला आपण बोटही लावायचं नाही. खरा ट्रे तिने कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आपल्या राहत्या खोलीत, कपाटात कुलपात ठेवला. सकाळी चहा पिताना तो ती बाहेर काढी, एकेक नग खिडकीशी उजेडात धरून बघे, फोन आले तर बोले, आणि मग ट्रे पुन्हा आत ठेवून किल्ली गळ्यातल्या साखळीला अडकवी.

टेबलावरच्या ट्रेमधली एकही तार हलली नाही. कपाटातल्या ट्रेमधले नग मात्र पिळले जात राहिले.

दुसरं कुणी असतं तर इथे थांबून विचार केला असता. धाकटीनेही केला, पण तिच्या विचाराला तेव्हा एकच वाट माहीत होती. तिने काढलेला अर्थ असा की भावोजींनी सापळा ओळखला, आमिषाला शिवले नाहीत, आणि त्यांच्याकडे कपाटाची दुसरी किल्ली आहे. तिला त्यांच्या हुशारीचं जरासं कौतुकही वाटलं.

ती ताईकडे गेली. ताई मालखोलीत खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

"माझ्या कपाटाची दुसरी किल्ली तुमच्या घरी आहे का?"

"दोन्ही तुलाच दिल्या होत्या. का गं?"

"काही नाही. माझे नग बिघडताहेत."

ताईने चिकटपट्टी दाताने तोडली. तिने बहिणीकडे नीट पाहिलं आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे तुझे भावोजी दोन जिने चढून तुझ्या खोलीत येतात, कपाट उघडतात आणि वायरींना पीळ देऊन जातात, असं म्हणायचंय तुला?"

असं सरळ शब्दांत ऐकल्यावर ते हास्यास्पद वाटायला हवं होतं. धाकटीला वाटलं नाही. ती म्हणाली, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

"नाव घेतलं असतंस तर बरं झालं असतं," ताई म्हणाली. "आता मी घरी जाऊन त्यांच्या तोंडाकडे कसं बघू ते सांग."

तिचा आवाज चढला नव्हता. तिने पुढचं खोकं ओढलं, पट्टी वाकडी लावली, उचकटली, पुन्हा वाकडी लावली. धाकटीला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं, पण माघार घेण्याइतकं नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजी स्वतःच वर आले. त्यांनी खिशातून चाचणीखोलीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ताईने विचारलं मला, ते म्हणाले. रात्री नीट जेवली नाही.

"मी तुझ्या नगांना हात लावलेला नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या मनात आलंय तर ही किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

धाकटीने किल्ली उचलून खणात टाकली. नको म्हणायला हवं होतं, हे तिला माहीत होतं. ते वळून जाईपर्यंत ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. जाड, तेलकट, नखं कापलेली बोटं. एवढ्या बारीक तारांना इतका रेखीव पीळ या बोटांना जमेल का, असा प्रश्न मनात डोकावला आणि तिने तो बाजूला सारला. इतकी वर्षं पिना करणाऱ्याला काय जमत नाही?

किल्ली परत आल्यावर तिने खरा ट्रे चाचणीखोलीत आणला. आता नग बिघडायचे थांबायला हवे होते. ते आणखी बिघडले.

त्याच आठवड्यात, दुपारी, खाटांच्या कंपनीतून फोन आला. इंजिनिअर बाईंना ठरलेल्या दिवशी जमणार नव्हतं. त्या उद्याच येतील, चालेल ना? धाकटी चाचणीखोलीत खिडकीशी उभी होती. चालेल, ती म्हणाली. मग त्यांनी विचारलं, नग किती वेळा लावून काढून पाहिलेत, गरम किती होतात, धूळ गेली तर काय. ती उत्तरं देत होती, चांगली देत होती. बोलता बोलता तिची नजर काचेच्या दाराकडे गेली. बाहेर भावोजी उभे होते. किल्ली दिल्यापासून ते उंबऱ्याच्या आत येत नसत. मापाचं हत्यार हवं असेल तर दारात उभे राहत. आत्ताही तसेच उभे होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर तिच्या कमरेच्या उंचीवर कुठेतरी खिळली होती.

धाकटीने खाली पाहिलं. तिच्या डाव्या हातात वायरचा एक नग होता. अंगठा आणि पहिलं बोट त्याच्या टोकाशी फिरत होतं, सावकाश, सराईतपणे, स्वतःच्याच नादात. तारा एकमेकींना बिलगून सुईसारख्या निमुळत्या झाल्या होत्या.

तिने फोन कसाबसा संपवला.

लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. वायर सोलली की टोकाला पीळ द्यायचा, सुट्या तारा सोडायच्या नाहीत, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शाळेतून आल्यावर बाबांच्या शेजारी बसून दोघी बहिणी हेच करायच्या. ही सवय तिच्या बोटांत इतकी खोल बसली होती की तिला विचारल्याशिवाय ती चालू राहत होती. दिवसभर डोळ्यांत तेल घालून तिने जे उभं केलं, ते तिच्याच बोटांनी उजेडात धरून मोडलं होतं. आणि लाजेच्या मागोमाग राग आला, कारण दारातला माणूस दचकला नव्हता. त्याने हे आज पहिल्यांदा पाहिलं नव्हतं.

तिने दार उघडलं.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या ट्रेपासून," भावोजी म्हणाले. "फोनवर असलीस, विचारात असलीस, की तुझी बोटं चालू होतात."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"जपून कर म्हणालो होतो."

"ते काय सांगणं झालं?"

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकवला.

"नाही झालं. खरं सांगू? बरं वाटायचं मला. मला काही करावंच लागत नव्हतं."

हे मात्र तिला लगेच पटलं. इतक्या दिवसांत त्यांनी बोललेलं पहिलं वाक्य, ज्याच्या मागे काय आहे हे तिला शोधावं लागलं नाही. ती खुर्चीत बसली. काही वेळाने दुसरीच गोष्ट तिच्या ध्यानात आली. आपली बोटं ऐकत नाहीत, तर खाटा जोडणाऱ्यांची ऐकतील का? जगातल्या ज्या कुणाच्या हातात उघड्या तारांचं टोक येईल, तो आधी त्याला पीळ देईल आणि मग जोडायला बघेल. उद्या इंजिनिअर बाईसुद्धा देतील. सूचना छापून काय उपयोग? तिनेच स्वतःला दिलेली सूचना पाळली नव्हती. ताईला दुखावलं, भावोजींना चोर ठरवलं, आणि वस्तू मुळातच चुकलेली. तिने ट्रेवर झाकण ठेवलं आणि भिंतीकडे बघत बसली, जी आता पडणार होती.

भावोजी निघून गेले. खाली प्रेसचा आवाज थांबला, बराच वेळ बंद राहिला, मग सुरू झाला. नेहमीसारखा धाडधाड नाही, एकेक ठोका.

सकाळी ते उंबऱ्याबाहेर थांबले नाहीत. सरळ आत आले आणि मूठ उघडून टेबलावर पितळेच्या छोट्या नळ्या ओतल्या. दोन मापांच्या, एक दुसरीत सरकेल अशा.

"बघ बसतायत का."

धाकटीने एक नळी वायरच्या टोकावर सरकवली. ती हलकेच गेली आणि जागच्या जागी टक्क बसली. नळीची कड तारांच्या टोकांच्या किंचित पुढे होती. तारा आत मोकळ्या, सरळ, ब्रशासारख्या. पण बोट त्यांच्यापर्यंत पोचू शकत नव्हतं. तिने मुद्दाम चिमटीत धरून पीळ द्यायचा प्रयत्न केला. पितळ गुळगुळीत होतं, बोटं घसरली. समोरच्या टोकावर मोठी नळी चढवून तिने दोन्ही एकमेकांत लोटली. मीटरचा काटा तिला हवा होता तिथे गेला आणि तिथेच राहिला.

तिला इतका आनंद झाला की ती उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली. तिने नळी काढून भिंगाखाली धरली. कड साफ होती, जोड दिसत नव्हता. पट्टी अशी वळवायला प्रेसला पोलादी साचा लागतो, आणि तो एका संध्याकाळीत घासून होत नाही. आठवडे लागतात. शिवाय नळी पहिल्याच झटक्यात बसली होती.

"माप कुठून घेतलंत?"

भावोजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"ट्रेमधल्या एका नगावरून. माप घेतलं आणि परत ठेवला."

"हात लावला नाही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"म्हणजे मी हरले तर दुसरी प्रेस येणार. जिंकले तर तुमच्या नळ्यांशिवाय माझं पान हलणार नाही."

त्यांनी चष्मा घातला. ते नाकारतील, चिडतील, असं तिला वाटलं होतं.

"मला दुसरीकडे कुठे जाऊन बसायला जागा नाही, धाकटे," ते म्हणाले. "आणि तुझी वस्तू चांगली आहे. ती मोडावी असंही वाटत नव्हतं. दोन्ही खरं आहे. तुला पटेल ते धर."

ती काय धरणार होती कुणास ठाऊक. खालून ताईने हाक मारली की बाई आल्यात.

इंजिनिअर बाई स्थूल, शांत आणि घाईत होत्या. चहा नको म्हणाल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि ट्रेमधला नळी चढवलेला एक नग उचलला. प्रश्न विचारता विचारता त्यांचा अंगठा आणि बोट वायरच्या टोकाकडे गेलं. धाकटीची नजर तिथेच खिळली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला भावोजीही त्याच बोटांकडे बघत होते. बोटं पितळी कडेवर फिरली, घसरली, पुन्हा फिरली, आणि काही न मिळाल्यासारखी बाजूला झाली. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी दोन टोकं एकमेकांत लोटली, ओढली, पुन्हा लोटली. किती तरी वेळ त्या हेच करत होत्या. काटा हलला नाही. दारात उभ्या असलेल्या ताईने नवऱ्याकडे पाहिलं नाही, बहिणीकडेही नाही. ती फक्त काट्याकडे बघत होती.

"मोठी खेप आत्ता सांगत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "पण पुढच्या खाटांना हेच लावून बघू. आमच्या नकाशावर रचना कुणाची ते लिहावं लागतं. नाव कुणाचं घालू?"

या प्रश्नाचं उत्तर धाकटीने कित्येकदा मनात म्हणून पाहिलं होतं, आरशासमोरसुद्धा. एकच नाव होतं ते. भावोजींनी उरलेल्या नळ्या गोळा करून मुठीत घेतल्या आणि ते खिडकीकडे वळले.

"आमच्या दोघांचं," धाकटी म्हणाली. "माझं आणि यांचं."

बाईंनी मान डोलावली आणि पिशवीत पेन शोधू लागल्या. भावोजी वळले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. ती नजर धाकटीच्या ओळखीची होती. इतके दिवस ती त्यांच्याकडे अशीच बघत आली होती.

"दोघांचं का?" त्यांनी बाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं.

"सहज," ती म्हणाली.

ते बघतच राहिले.